शून्य आकड्याची गल्ली

माझ्या सासूच्या हिरडीचा आकडा मी माझ्या हाताने लिहिला: शून्य. राजमती बाहुबली मगदूम, वय अडुसष्ट, राहणार हुपरी. पट्टी एक मिनिट जिभेखाली ठेवली, मग तळहाताएवढ्या यंत्रात सरकवली. आतला हिरवा उजेड लागलाच नाही. मी आकडा मोठ्याने वाचला आणि माझा नवरा अभिनंदन चौकातून पेढे घेऊन आला. आम्ही तिघांनी ते खाल्ले. सासूला आमच्या भागात आत्ती म्हणतात. आत्तींनी दोन खाल्ले.

त्या शून्याचा खरा अर्थ मला दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना कळला. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली, २०४३ सालच्या हिरडी तपासणी मोहिमेतली पगारी तपासनीस, आणि तरी पूर्ण एक दिवस मी आनंदात घालवला होता. आत्ती विसरू लागल्या होत्या. त्यावर एक औषध निघालं होतं, आणि ते फक्त ज्यांच्या पट्टीवर तीसच्या वर आकडा येतो त्यांनाच मिळत होतं. शून्य म्हणजे हिरड्या स्वच्छ. शून्य म्हणजे विसरण्याचं कारण दुसरं काहीतरी, आणि त्या दुसऱ्या कशावरच तेव्हा इलाज नव्हता.

दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा एक जिवाणू राहतो. दात किडवणाऱ्या जिवाणूंना साखर लागते. याला प्रथिनं लागतात. ती मिळवण्यासाठी तो जिंजिपेन नावाची विकरं बाहेर सोडतो. विकरं म्हणण्यापेक्षा कात्र्या म्हणणं सोपं. या कात्र्या हिरडीचे तंतू कापतात, म्हणून हिरडी सुजते, रक्त येतं, दात हलायला लागतात. पण सुजलेल्या हिरडीतून जिवाणू आणि कात्र्या रक्तात उतरतात, आणि काही माणसांच्या मेंदूपर्यंत जातात. विस्मरणाने गेलेल्या लोकांच्या मेंदूत त्या सापडल्याला बरीच वर्षं झाली होती. त्या कारण म्हणून तिथे आहेत की आजारी मेंदूत नंतर शिरल्या आहेत, यावर वाद होता. आमच्या काळापर्यंत तो बराचसा मिटला होता: सगळ्यांत नाही, पण साधारण तिसऱ्या हिश्शातल्या रोग्यांत कात्र्याच मुख्य कारण. अशांच्या हिरड्या खोलवर साफ केल्या आणि कात्र्या बांधून टाकणारी गोळी दिली की पुढचा ऱ्हास थांबतो. गेलेलं परत येत नाही. स्मरणचाचणीत तीसपैकी अठराच्या खाली गेलेल्यांना तर गोळीचा काहीच उपयोग दिसला नव्हता, म्हणून त्यांना ती देत नसत.

आत्तींचे गुण वर्षापूर्वी चोवीस होते. सहा महिन्यांपूर्वी बावीस. त्या महिन्यात वीस.

आमचं गाव चांदीचं. आत्ती लग्न होऊन आल्यापासून पैंजणांच्या साखळ्या जोडतात. साधी साखळी आता यंत्र करतं, पण नक्षीची अजून हातानेच होते. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात ज्योतीची नळी. दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून तिळाएवढ्या कड्या ठेवायच्या तोंडात. आत्ती डाव्या गालात अकरा कड्या घेतात. जिभेने एक पुढे सरकवायची, ओठांवर आणायची, चिमट्याने उचलायची. थुंकीने ओली झालेली कडी जागेवर चिकटून राहते, टाकणखाराची पूड तिच्यावर नीट बसते, मग ज्योत. गाल रिकामा झाला की अकरा कड्या झाल्या, आता घुंगरू. त्यांच्या पिढीच्या सगळ्याच बायका असं करतात. बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, घरी येताना आत्ती दोनदा वाट चुकल्या होत्या, दूध तापवून तासाभराने पुन्हा तापवायला ठेवत होत्या. पण साखळीत त्यांची एक कडी कधी कमीजास्त झाली नाही. मोजणी त्यांच्या डोक्यात नव्हतीच, ती गालात होती.

शून्य आल्यावर अभिनंदनने आईच्या हातातली ज्योत काढून घ्यायचा विषय काढला. त्याचं चूक नव्हतं. औषध नाही म्हटल्यावर निदान घर तरी पेटू नये. मीही हो म्हणाले. आत्तींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं की कधीपासून. पुढच्या महिन्यापासून, असं आम्ही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कड्या गालात घेतल्या.

दोन दिवसांनी समोरच्या घरातल्या शालनमावशी आरोग्य उपकेंद्रात माझ्याकडे आल्या. त्याही साखळीवाल्याच. त्यांनी टेबलावर एक कागद उलगडला. आत एक दाढ होती, मुळासकट.

"शून्य म्हणतीस," त्या म्हणाल्या, "आणि दात हातात आला की गं."

मी त्यांचं तोंड तपासलं. हिरडी दाबली की रक्त येत होतं, फट इतकी खोल की माझी मोजपट्टी संपली. तरी यंत्रावर दोन. मी संध्याकाळी आमच्या गल्लीचे सगळे आकडे काढून बसले. साखळी जोडणाऱ्या बायका एकेचाळीस, सगळ्यांचे आकडे शून्य ते चार. त्यांच्याच घरातले पुरुष, सुना, मुलं यांचे मात्र वीस, पस्तीस, साठ. मागच्या महिन्याच्या अहवालात मी यावर एक वाक्य लिहिलं होतं: "या गल्लीतील महिलांची मौखिक स्वच्छता उत्तम आहे." जिल्ह्यातून त्याबद्दल शाबासकीही आली होती. कुठल्याही गावात चाळिशीच्या पुढच्या इतक्या माणसांचे आकडे ओळीने शून्याजवळ येत नाहीत, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. चांगला आकडा दिसला की आपण प्रश्न विचारत नाही.

मला कात्रीची रचना आठवली. जिंजिपेनच्या धारेपाशी गंधकाचा एक अणू असतो. कापायचं काम तोच करतो. आणि चांदीला गंधकाची ओढ असते; दागिने काळे पडतात ते त्यामुळेच. चांदीचा कण त्या गंधकावर जाऊन बसला तर कात्री मोडत नाही, पण मिटते. आमची पट्टी कात्री किती आहे ते मोजत नव्हती, कात्री किती कापते ते मोजत होती.

अभिनंदनचा आकडा चौसष्ट होता. तो सुपारी खातो आणि दात घासतो की नुसता ब्रश ओला करतो हे मला लग्नाला चार वर्षं होऊनही ठरवता आलेलं नाही. मी त्याला तीन वाट्यांत थुंकायला लावलं. असल्या तोंडाचा कुणाला उपयोग होईल असं वाटलं नव्हतं, असं तो म्हणाला. एक वाटी तशीच ठेवली, एकीत स्टीलची कडी टाकली, एकीत आत्तींच्या डबीतल्या चांदीच्या अकरा. अर्ध्या तासाने पट्ट्या बुडवल्या. चौसष्ट. त्रेसष्ट. तीन.

आत्ती शेजारीच बसून बघत होत्या. मी त्यांना समजावलं की त्यांच्या तोंडातली चांदी कात्र्यांना तोंडात गप्प बसवते, म्हणून पट्टी फसते. पण फटीच्या तळाशी चांदी पोचत नाही, आणि रक्तात, मेंदूत तर नाहीच. तिथे कात्र्या मोकळ्या.

"म्हंजे माझी चांदी निम्मं काम करत होती," त्या म्हणाल्या.

मी पाठ्यपुस्तकातली दोन पानं खर्ची घालून जे सांगितलं असतं ते हेच होतं. गोळी जे सगळीकडे करते, ते चांदी फक्त तोंडात करत होती.

मोहिमेच्या डॉक्टर शबाना मुल्लाणी महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तपासणीची गाडी घेऊन येत. त्यांनी माझे आकडे दोनदा वाचले, आणि प्रयोग गाडीत स्वतः पुन्हा केला. मला वाटलं त्या मोडीत काढतील. त्यांनी सांगितलं ते असं: जिवाणूचा नुसता माग काढून चालत नाही, कारण तो असूनही कात्र्या थंड असलेली माणसं पुष्कळ आहेत, गोळी चालू कात्रीवरच मिळते. चांदी सोडवून घेणारं रसायन पट्टीत घालता येईल, पण तशा पट्टीला मान्यता मिळायला वर्ष जाईल. तोवर एकच मार्ग. तोंडाच्या आतलं, चांदी चिकटलेलं अस्तर आठ-दहा दिवसांत नवं होतं. गाडी येण्याआधीचे दहा दिवस तोंडात चांदी अजिबात घालायची नाही, आणि मग पट्टी. नोंदवहीवर रोज माझी सही, आत्तींचा अंगठा.

आत्तींचे वीस गुण होते. वर्षभर उतरणीचा वेग बघता हातात सहा महिने होते. त्या मानाने एक महिना परवडण्यासारखा होता.

आत्तींनी लगेच हो म्हटलं. काम बंद करायची गरज नव्हती, कड्या वाटीत ठेवून चिमट्याने उचलायच्या होत्या, इतकंच. ज्योत काढून घ्यायचं आम्ही पट्टी होईपर्यंत पुढे ढकललं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी एका जागी नऊ कड्या लावल्या, दुसऱ्या जागी तेरा. दुपारी त्या थांबल्या. चौदा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा साखळी शिकवताना लोक जसं बघतात, तसं त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. गाल रिकामा, त्यामुळे मोजणी गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ज्योत लावलीच नाही. सकाळी चार वेळा मला तारीख विचारली. अभिनंदन मला बाजूला घेऊन म्हणाला की काम हेच तिचं डोकं होतं, आणि ते आपण काढून घेतलंय. मी म्हटलं दहाच दिवस. मलाही ते दहा दिवस लांब वाटायला लागले होते.

सहाव्या दिवशी दुपारी मी उपकेंद्रात असताना आत्तींचा फोन आला.

"प्रेक्षा, कडी तोंडात गेली. लिही."

मी विचारलं, किती वेळ. ते त्यांना सांगता येईना. शालनमावशींच्या नातीचं पैंजण तुटलं होतं, पोरगी रडत आली, आत्तींनी ते हातात घेतलं. हात चालले तसं तोंडही चाललं. जीभ कडी पुढे सरकवायला लागली तेव्हा त्यांना कळलं. मी हिशेब केला: एक कडी, फार तर पाच मिनिटं. त्याने आकडा बदलेल की नाही हे मला खरोखरच माहीत नव्हतं. पण गाडी पाच दिवसांवर होती, आणि लिहिलं तर ती तारीख हुकणार, म्हणजे पुढचा महिना. मी म्हटलं, एवढ्याशा वेळाने काही होत नसेल, आणि कुणी बघितलेलंही नाही.

"मी बघितलं की," आत्ती म्हणाल्या.

त्यांना सकाळची तारीख आठवत नव्हती. आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवत नव्हतं. पण ही गोष्ट विसरण्याआधी त्यांनी मला गाठलं होतं, आणि मी लिहून होईपर्यंत फोन ठेवला नाही. मी लिहिलं. वेळ, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

डॉक्टर मुल्लाणींनी नियमाप्रमाणे पुढचा महिना दिला. दोन दिवसांनी अभिनंदन म्हणाला, प्रामाणिकपणा आईचा, ते ठीक. पण तू तपासनीस नसतीस तर ती कुणाला सांगणार होती, आणि हा महिना तरी कशाला गेला असता.

मार्ग आत्तींनीच काढला. आधी त्यांनी गालात ज्वारीचे दाणे घेऊन बघितले. ते नरम पडले, आणि काही गिळलेही. एका दाण्याचा पत्ताच लागला नाही तेव्हा त्या स्वतःवरच हसल्या. कितीतरी आठवड्यांनी हसल्या होत्या. मग त्यांनी तुटलेल्या जपमाळेतले लाकडी मणी काढले, उकळून घेतले, आणि मोजून अकरा गालात ठेवले. कडी वाटीतून चिमट्याने उचलायची, जोडायची, आणि एक मणी जिभेने बाहेर काढून ताटलीत टाकायचा. गाल रिकामा, की घुंगरू. पहिली साखळी करायला एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी तीन झाल्या.

"लाकडाला चव न्हाई," त्या म्हणाल्या. "पर मोजतंय बरोबर."

मी त्या तीनही साखळ्या मोजल्या. प्रत्येक ठिकाणी अकरा. मी जे शिकले त्यात स्मरण म्हणजे मेंदूतल्या पेशींचे सांधे; त्यातले काही सुटले की माणूस उणा होतो. इथे अडुसष्ट वर्षांची एक बाई, जिचे सांधे रोज सुटत होते, आपल्या मोजणीसाठी दुसरी जागा शोधून ती चालवून दाखवत होती. यावर कुठे निबंध छापलेला मी तरी वाचलेला नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गाडी आली. आदल्या दहा दिवसांच्या नोंदवहीत दहा अंगठे होते आणि एकही शेरा नव्हता. आधी स्मरणचाचणी झाली: एकोणीस. मग पट्टी. यंत्राच्या फटीतून हिरवा उजेड आला आणि डॉक्टर मुल्लाणींच्या बोटांवर पडला. एकाहत्तर. त्यांनी दुसरी पट्टी घेतली. एकाहत्तर. इतक्या वाईट आकड्यावर मी आयुष्यात एवढी खूश झालेली नाही.

गोळी हातात घेण्याआधी आत्तींनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली.

"ह्यानं तो जीव मरतोय का?"

आत्ती सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, पाणी गाळून पितात. डॉक्टरांनी हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच ऐकला होता, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की गोळी जिवाणूला मारत नाही, त्याची कात्री बांधते. हिरड्या साफ करताना मात्र बरेच मरतील. आत्तींनी विचार केला. साफ करणं हे तोंड धुण्यासारखंच, असं त्यांनी शेवटी ठरवलं, आणि गोळी घेतली.

राहिल्या गल्लीतल्या चाळीस जणी. मी घरोघर जाऊन गंधक आणि चांदी समजावून सांगत होते, आणि त्या ऐकून घेऊन चहा देत होत्या. तोंडात कड्या नकोत म्हटलं की हात थांबतात, दहा दिवस कोण थांबणार. मग एका दुपारी आत्ती शालनमावशींच्या ओट्यावर जाऊन बसल्या. सोबत ज्योत, कड्यांची वाटी आणि मणी. कुणाला काही सांगितलं नाही, साखळी करायला लागल्या. बायका जमल्या. कुणीतरी टोमणा मारला की राजमतीआक्का आता जप तोंडातच करती वाटतं. आत्तींचा गाल भरलेला होता, त्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही. अकरावा मणी ताटलीत पडल्यावर त्यांनी साखळी टोमणा मारणारीच्या हातात दिली आणि मोजायला लावली. त्या आठवड्यात गावातल्या दोन दुकानांतल्या जपमाळा संपल्या.

चाळीसपैकी सव्वीस जणींच्या पट्टीत उजेड लागला. आठ जणींची विस्मरणाची नुसती सुरुवात होती. त्यांना गोळी मिळाली. बाकीच्यांच्या हिरड्या साफ झाल्या. शालनमावशी त्या आठांत होत्या. त्यांचे गुण सव्वीस होते, त्यामुळे त्या स्वतःला सगळ्यांहून हुशार समजायला लागल्या. त्या सव्वीसांत आणखी दोन जणी होत्या, पण त्यांचे गुण अकरा आणि चौदा होते. त्यांच्यासाठी हा प्रश्न कुणीतरी दोन वर्षं आधी विचारायला हवा होता. त्या दोघींच्या घरी मी अजून जाते.

सहा महिन्यांनी आत्तींची पुन्हा चाचणी झाली. घड्याळ काढायचं, वार सांगायचा, शंभरातून सात वजा करत जायचं. सुरुवातीला पाच शब्द ऐकवायचे आणि शेवटी विचारायचे: पेरू, पूल, चादर, घंटा, निळा. आत्तींना पेरू आणि पूल आठवले. बेरीज एकोणीस.

अभिनंदनचा चेहरा उतरला. सहा महिने गोळी, साफसफाई, वाऱ्या करूनही तोच आकडा. मी त्याला परत एकदा समजावलं की चोवीस, बावीस, वीस, एकोणीस, एकोणीस यात शेवटची जोडी बघ. डॉक्टर मुल्लाणींनीही तेच सांगितलं, जरा दिलगिरीच्या सुरात, कारण वाढ झाली असती तर सांगायला सोपं गेलं असतं. आत्ती तिघांकडे बघत होत्या, गालात काही धरल्यासारखे ओठ मिटून.

संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही जेवायला बसलो. चाचणीला आठ तास होऊन गेले होते, आणि मी तो विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं.

"पेरू," आत्ती म्हणाल्या. "पूल."

अभिनंदनने हातातला घास तसाच धरला.

"सक्काळपासनं धरून ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "ह्ये दोन माझं हायेत. बाकीचं तीन तू सांग."

मी सांगितले. चादर, घंटा, निळा. त्यांनी ते एकदा मनाशी म्हणून बघितले, निळा दोनदा म्हणाल्या, आणि भाकरी मोडली.